डायनोसॉरांची भावकी कशी शोधतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांमध्ये डायनोसॉरांबद्दल बोलायला गेले की पहिली दहा मिनिटं दात, नख्या आणि वजनं यांतच जातात. मग मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "पण हे कुणाचे कोण, ते तुम्हाला कळलं कसं?" मला हा प्रश्न सगळ्यात आवडतो. त्याच्या अवतीभवती पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

डायनोसॉरांचं 'नातं' म्हणजे नेमकं काय?

आपल्या घरात असतं तेच. सख्ख्या भावंडांचे आईवडील एक, चुलत भावंडांचे आजीआजोबा एक. सामाईक पूर्वज जितका अलीकडचा, तितकं नातं जवळचं. डायनोसॉरांच्या बाबतीत पिढ्या लाखोंच्या घरात जातात, पण व्याख्या बदलत नाही.

अडचण आहे ती नोंदींची. त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय वही उघडून आपल्या खापरपणजोबांचं नाव वाचून दाखवतात. दगडांत अशी वही नाही. त्यामुळे आपण कुणा एका प्राण्याकडे बोट दाखवून 'हाच यांचा पूर्वज' असं म्हणत नाही. 'या तिघांपैकी कोणते दोघे एकमेकांना जास्त जवळचे?' एवढंच विचारतो. डायनोसॉरांची सगळी वंशावळ या एका प्रश्नाची हजारो वेळा उत्तरं देत उभी राहिली आहे.

जे सारखे दिसतात ते नातलग, असं सरळ का म्हणत नाहीत?

कारण सारखेपणा तीन प्रकारचा असतो आणि त्यातला एकच कामाचा असतो.

पहिला प्रकार फार जुन्या वारशाचा. टी. रेक्सला चार पाय-हात आहेत, ट्रायसेराटॉप्सला आहेत, बेडकालाही आहेत. त्यावरून टी. रेक्स आणि ट्रायसेराटॉप्स यांच्या खास जवळिकीबद्दल काहीच कळत नाही. दुसरा प्रकार योगायोगाचा, म्हणजे दोन घराण्यांनी स्वतंत्रपणे तीच गोष्ट मिळवण्याचा. टी. रेक्सचे हात आखूड, अर्जेंटिनातल्या कार्नोटॉरसचेही आखूड. पण ही घराणी खूप आधीच वेगळी झालेली आहेत आणि दोघांचे हात आपापल्या वाटेने आखूड झाले. तिसरा प्रकार हवा तो: एखाद्या पूर्वजात नव्याने आलेली आणि फक्त त्याच्याच वंशजांना मिळालेली खूण.

हे समजायला पुण्याचं एक उदाहरण मला फार उपयोगी वाटतं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली. १९१९ ते १९६६ एवढा काळ ते काम चाललं आणि त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. कोणतं हस्तलिखित कोणत्या घराण्यातलं, हे कसं ठरवायचं? सगळ्या पोथ्यांत जे सारखंच आहे त्यावरून काही ठरत नाही, ते मुळातच होतं. पण पाच पोथ्यांत एकाच जागी तोच वेगळा पाठ, तीच चूक, तोच वाढीव श्लोक आला, तर त्या पाचही एकाच मधल्या पोथीवरून उतरल्या असण्याची शक्यता दाट. हाडांतही तसंच बघायचं. मूळ मजकुरात नंतर झालेला बदल कुणाकुणात सारखा आहे, ते शोधायचं.

प्राण्यांसाठी हा नियम काटेकोरपणे मांडला तो विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने, १९५० साली. तो माश्यांचा अभ्यासक होता. त्याच्या पद्धतीला क्लॅडिस्टिक्स म्हणतात आणि १९८०च्या दशकापासून डायनोसॉरांच्या अभ्यासाचा कणा तीच आहे.

प्रत्यक्ष काम कसं चालतं?

आधी हाडं बघायची. संग्रहालयांच्या कपाटांतून, खण ओढून, एकेक हाड हातात घेऊन. मग लक्षणांची यादी करून प्रत्येक प्राण्यापुढे 'आहे' साठी १ आणि 'नाही' साठी ० लिहायचा. हाडच सापडलेलं नसेल तर प्रश्नचिन्ह. एक अगदी छोटा तक्ता बघू:

| प्राणी | खुब्याची खोबण आरपार | मणक्यांत हवेच्या पोकळ्या | जुळलेली कॉलरबोन | चोच |
|---|---|---|---|---|
| मगर | ० | ० | ० | ० |
| ट्रायसेराटॉप्स | १ | ० | ० | १ |
| डिप्लोडोकस | १ | १ | ० | ० |
| टी. रेक्स | १ | १ | १ | ० |
| चिमणी | १ | १ | १ | १ |

मगर इथे बाहेरची साक्षीदार आहे. ती डायनोसॉर नाही, पण लांबची नातेवाईक आहे, त्यामुळे तिच्यावरून 'आधी काय होतं' याचा अंदाज येतो. मगरीत ० आणि बाकीच्यांत १, म्हणजे १ ही नंतरची गोष्ट.

आता तंटा आहे चोचीचा. चोच म्हणते, चिमणी आणि ट्रायसेराटॉप्स जवळचे. कॉलरबोन आणि मणके म्हणतात, चिमणी टी. रेक्सजवळ. मग मोजायचं. चिमणीला टी. रेक्सजवळ, त्या दोघांना डिप्लोडोकसजवळ आणि ट्रायसेराटॉप्सला त्यांच्या बाहेर ठेवलं, तर एकूण ५ बदल पुरतात: खोबण, पोकळ्या आणि कॉलरबोन प्रत्येकी एकदा, चोच दोनदा. चिमणीला ट्रायसेराटॉप्सजवळ बसवलं, तर चोचीचा एक बदल वाचतो, पण पोकळ्या आणि कॉलरबोन एकदा मिळून पुन्हा गेल्या, किंवा दोन-दोनदा मिळाल्या, असं मानावं लागतं. बेरीज किमान ६. कमी बदलांचं झाड आपण निवडतो. कागद-पेन्सिल घेऊन स्वतः मोजून पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

याला काटकसरीचं तत्त्व म्हणतात. निसर्ग काटकसरी असतो असा त्यामागे दावा नाही. पुरावा नसताना जादा घटना घडल्या असं आपण मानू नये, एवढाच त्याचा अर्थ.

यात संगणक कशाला लागतो?

चार प्राण्यांची शक्य झाडं १५ होतात. दहा प्राणी घेतले की ३,४४,५९,४२५. वीस घेतले तर आकडा बावीस अंकी होतो. खऱ्या अभ्यासात सत्तर-ऐंशी प्राणी आणि काहीशे लक्षणं असतात, म्हणून प्रत्येक झाड तपासणं संगणकालाही शक्य नाही. टीएनटीसारख्या आज्ञावली एका झाडापासून सुरुवात करतात, त्याची फांदी तोडून दुसरीकडे जोडून बघतात, बेरीज कमी झाली तर ते झाड ठेवतात, आणि असं लाखो वेळा करतात. दुसरी एक पद्धत संभाव्यतेच्या गणितावर चालते. लक्षणं किती वेगाने बदलत असावीत याचा आणि खडकांच्या वयाचाही ती विचार करते. हल्ली बरेचजण दोन्ही पद्धती वापरून उत्तरं जुळतात का ते बघतात.

एक गोष्ट मात्र मी ठासून सांगते: संगणक हाडं बघत नाही. तक्त्यात ० की १, हे माणूस ठरवतो. खरा अभ्यास आणि खरी भांडणं तिथेच असतात.

डीएनए का तपासत नाहीत?

तो उरलेलाच नाही. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून २०१२ मध्ये काढलेला हिशोब सांगतो की हाडातला डीएनए साधारण दर ५२१ वर्षांनी निम्मा तुटतो. आजवर वाचता आलेला सर्वांत जुना डीएनए ग्रीनलंडच्या मातीतला, सुमारे २० लाख वर्षांपूर्वीचा. पक्षी सोडून बाकीचे डायनोसॉर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले. जिवंत पक्षी आणि मगरी यांचा डीएनए मात्र हाताशी आहे, आणि तो सांगतो की आजच्या सरपटणाऱ्या प्राण्यांत पक्ष्यांच्या सर्वांत जवळची मगर आहे. हाडंही तेच सांगतात.

मग डायनोसॉर म्हणायचं तरी कुणाला?

१८४२ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी हे नाव दिलं तेव्हा त्यांच्यापुढे तीनच प्राणी होते: मेगॅलोसॉरस, इग्वानोडॉन आणि हायलिओसॉरस. आज व्याख्या आकारावरून किंवा भीतिदायक रूपावरून होत नाही, नात्यावरून होते. ट्रायसेराटॉप्स आणि घरचिमणी यांचा सर्वांत अलीकडचा सामाईक पूर्वज, आणि त्याचे सगळेच्या सगळे वंशज, म्हणजे डायनोसॉर. खिडकीतली चिमणी या व्याख्येत पाहुणी म्हणून आलेली नाही. व्याख्या तिच्यावरच उभी आहे.

या कसोटीवर उडणारे टेरोसॉर बाहेर पडतात, ते चुलत घराणं. पोहणारे प्लेसिओसॉर बाहेर. आणि खेळण्यांच्या प्रत्येक डब्यात असणारा, पाठीवर शिड असलेला डायमेट्रोडॉन तर कुठल्याही डायनोसॉरपेक्षा तुमच्या-माझ्या, म्हणजे सस्तन प्राण्यांच्या, जवळचा आहे.

'पक्ष्यासारख्या कमरेचे' डायनोसॉर हे पक्ष्यांचे पूर्वज ना?

नाही, आणि हा घोळ नावामुळे झाला आहे. हॅरी सीली यांनी १८८७ मध्ये कमरेच्या हाडांवरून डायनोसॉरांचे दोन गट केले. सरड्यासारख्या कमरेच्या गटात प्यूबिस नावाचं हाड पुढे झुकलेलं असतं. पक्ष्यासारख्या कमरेच्या गटात, म्हणजे ट्रायसेराटॉप्स, स्टेगोसॉरस वगैरेंमध्ये, ते मागे वळलेलं असतं. पक्षी मात्र पहिल्या गटातल्या मांसाहारी घराण्यातून आले आणि त्यांचं प्यूबिस नंतर स्वतंत्रपणे मागे वळलं. म्हणजे पुन्हा तोच, योगायोगाचा सारखेपणा. नावं बदलायला आता उशीर झाला आहे, म्हणून लक्षात ठेवणं एवढंच आपल्या हाती.

कोंबडी ही टी. रेक्सची वंशज आहे का?

हे वाक्य इतक्या ठिकाणी वाचलं आहे की उत्तर जरा सविस्तर देते. नाही. टी. रेक्सचे कुणीही वंशज आज जिवंत नाहीत. टी. रेक्सच्या आधी आठ कोटींहून जास्त वर्षं, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी, जर्मनीत आर्किऑप्टेरिक्स हा आद्य पक्षी पंख घेऊन वावरत होता. टी. रेक्स आणि कोंबडी यांचा पूर्वज एक आहे आणि तो त्याहूनही जुना. टी. रेक्स कोंबडीला जितका जवळचा तितकाच गरुडाला आणि तितकाच कावळ्याला, कारण हे सगळे पक्षी त्या फांदीपासून वेगळे झाल्यानंतर आपसात फुटले. वंशवृक्षाचं चित्र बघताना शेंड्याला कोण कुणाच्या शेजारी बसलं आहे हे बघू नये. दोन फांद्या कुठे एकत्र येतात ते बघावं.

पक्ष्यांचं हे नातं मान्य व्हायला लागलेला वेळही बोलका आहे. टॉमस हक्सली यांनी १८६०च्या दशकातच पक्षी आणि डायनोसॉर यांचं साम्य दाखवलं होतं. पण गेरहार्ड हाइलमान या डॅनिश अभ्यासकाने १९२६ च्या आपल्या ग्रंथात साम्यं एकामागून एक मांडली आणि शेवटी नातं नाकारलं. कारण एकच: पक्ष्यांना कॉलरबोन असतात, डायनोसॉरांना त्या नव्हत्या, आणि गेलेलं हाड परत येत नाही. तर्कात खोट नव्हती, माहितीत होती. ओव्हिरॅप्टरच्या १९२४ मध्ये वर्णन झालेल्या सांगाड्यात ते हाड होतं, पण ते दुसरंच काहीतरी आहे असं समजलं गेलं. पुढे जॉन ऑस्ट्रम यांनी डायनॉनिकस या मांसाहारी डायनोसॉरच्या मनगटावरून १९७०च्या दशकात वाद पुन्हा उघडला, जॅक गोतिए यांनी १९८६ मध्ये क्लॅडिस्टिक्सच्या तक्त्याने तो भक्कम केला, आणि १९९६ मध्ये चीनच्या लिआओनिंगमधून सायनोसॉरोप्टेरिक्स हा पिसांसारख्या तंतूंचा डायनोसॉर समोर आला. एका न ओळखलेल्या हाडापायी अर्धं शतक गेलं. तक्त्यातल्या ० आणि '?' मधला फरक किती मोठा असतो, ते इथे दिसतं. 'नव्हतं' आणि 'सापडलं नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्याकडच्या डायनोसॉरांचं यात काय?

खूप काही आहे, आणि त्यातलं बरंच मराठी वाचकाला माहीत नसतं.

सुरुवात जबलपूरची. १८२८ मध्ये विल्यम स्लीमन यांना तिथे शेपटीचे मणके मिळाले. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी त्यांना 'टायटॅनोसॉरस इंडिकस' नाव दिलं. त्या मणक्यांचा पुढचा भाग खोलगट आणि मागचा फुगीर होता, हीच त्यांची खास खूण. पुढे फ्रान्सपासून अर्जेंटिनापर्यंत तसे मणके मिळाले की त्यांवर टायटॅनोसॉरसचं नाव लागत गेलं. शंभर वर्षांत कळलं की ही खूण एका प्राण्याची नाहीच, लांब मानेच्या डायनोसॉरांच्या एका प्रचंड मोठ्या घराण्याची आहे. आडनावालाच आपण पहिलं नाव समजत होतो! २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी दाखवून दिलं की मूळ मणक्यांवरून वेगळा प्राणी ओळखताच येत नाही. टायटॅनोसॉर हे घराण्याचं नाव राहिलं, इंडिकस मात्र गेला. ते मणके मधल्या काळात हरवले होते. २०१२ मध्ये कोलकात्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात ते पुन्हा सापडले.

२००३ च्या याच फेरतपासणीत आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावच्या प्राण्याला नवं नाव मिळालं. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याला 'टायटॅनोसॉरस कोलबर्टी' म्हटलं होतं. त्याच्या मानेचे, पाठीचे, शेपटीचे मणके, खांदा, कंबर असं बरंच काही मिळालेलं असल्यामुळे त्याची स्वतःची ओळख टिकली आणि तो 'आयसिसॉरस' झाला. नावातले पहिले वर्ण त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांचे. महाराष्ट्राच्या मातीतला प्राणी जगभरच्या तक्त्यांमध्ये एक ओळ व्यापून आहे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. अर्थात टायटॅनोसॉरांच्या आत त्याची नेमकी जागा अभ्यासागणिक थोडी सरकते.

राजासॉरसची गोष्ट वेगळी. गुजरातमधल्या रहिओलीजवळ १९८०च्या दशकात मिळालेली ही हाडं २००३ मध्ये नाव घेऊन पुढे आली. कपाळावर बुटकं शिंग असलेला हा मांसाहारी प्राणी तक्त्यात घातला तेव्हा तो अर्जेंटिनाच्या कार्नोटॉरसच्या आणि मादागास्करच्या माजुंगासॉरसच्या घराण्यात बसला. नंतरच्या विश्लेषणांत बहुतेक वेळा तो माजुंगासॉरसच्या जास्त जवळ येतो. भारत आणि मादागास्कर सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीपर्यंत एकमेकांना चिकटलेले होते. हाडांच्या तक्त्यात भूगोलाचा एकही रकाना नव्हता, तरी उत्तर भूगोलाशी जुळलं. दोन अनोळखी साक्षीदारांनी तीच हकीकत सांगावी, तसं.

झाडं सारखी बदलतात, मग विश्वास कशावर ठेवायचा?

सगळ्या फांद्या सारख्या पक्क्या नसतात. पक्षी हे डायनोसॉर आहेत, ही फांदी वेगवेगळ्या तक्त्यांत, वेगवेगळ्या पद्धतींनी पुन्हा पुन्हा येते. फांदीचा पक्केपणा मोजतातही: तक्त्यातली लक्षणं चिठ्ठ्यांसारखी उचलून नवे तक्ते करायचे, हजार वेळा झाडं काढायची आणि ती फांदी किती वेळा परत येते ते बघायचं.

मुळाजवळच्या फांद्या मात्र डळमळीत आहेत. २०१७ मध्ये मॅथ्यू बॅरन, डेव्हिड नॉर्मन आणि पॉल बॅरेट यांनी ७४ प्राणी आणि ४५७ लक्षणं घेऊन सीलींची १३० वर्षांची विभागणीच मोडली: मांसाहारी डायनोसॉर आणि ट्रायसेराटॉप्सचं घराणं जवळचे, डिप्लोडोकससारखे लांब मानेचे वेगळे. त्याच वर्षी माक्स लांगर आणि सहकाऱ्यांनी त्याच तक्त्यातल्या नोंदी हाडांशी ताडून सुधारल्या. जुनं झाड परत आलं, पण जेमतेम. दोन झाडांतला फरक ठाम निकाल देण्याएवढा नव्हता. मला हा पराभव वाटत नाही. कुठे पाऊल पक्कं आहे आणि कुठे नाही हे आकड्यांत सांगता येणं, हीच या पद्धतीची ताकद आहे.

चिलेसॉरस हा याच तिढ्यातला प्राणी. चिलीत त्याचं पहिलं हाड एका सात वर्षांच्या मुलाला दिसलं. २०१५ मध्ये त्याला मांसाहाऱ्यांच्या घराण्यातला शाकाहारी म्हटलं गेलं, आणि दोनच वर्षांत दुसऱ्या अभ्यासाने त्याला थेट ट्रायसेराटॉप्सच्या बाजूला नेलं.

पिल्लू आणि वेगळी जात, यांत गल्लत होत नाही का?

होते. टी. रेक्ससोबत सापडणारा लहान चणीचा नॅनोटायरॅनस हे त्याचंच पोर की वेगळा प्राणी, यावर कित्येक दशकं वाद झाला. हाड आडवं कापून पातळ चकती काढली की झाडाच्या खोडासारखी वाढीची वर्तुळं दिसतात, त्यावरून वय आणि वाढ थांबली होती का ते कळतं. २०२५ मध्ये एका जवळजवळ पूर्ण सांगाड्याच्या अशा तपासणीतून तो पूर्ण वाढलेला, वेगळाच प्राणी असल्याचं मांडलं गेलं. पिल्लाची लक्षणं प्रौढ म्हणून भरली की ते झाडात चुकीच्या, बहुधा मुळाजवळच्या, फांदीवर जाऊन बसतं.

मला घरी यातलं काही बघता येईल का?

येईल. टीएनटी ही आज्ञावली विली हेनिग सोसायटीच्या मदतीने मोफत मिळते आणि कित्येक अभ्यासांचे तक्ते इंटरनेटवर खुले आहेत.

त्याहून सोपं हवं असेल तर रविवारी घरी कोंबडी शिजल्यावर हाडं टाकू नका. छातीपाशी चिमट्यासारखं एक हाड मिळेल. हाइलमानना डायनोसॉरांत न सापडलेलं तेच ते. मग कमरेचा सांगाडा स्वच्छ धुऊन घ्या आणि मांडीचं हाड जिथे बसतं ती खोबण शोधा. मटणातल्या खुब्याची खोबण वाटीसारखी असते, तिला तळ असतो. कोंबडीच्या खोबणीला तळ नसतो. ती उजेडाकडे धरली की आरपार दिसतं.